हक्कसोडीच्या कागदावर सही करू नकोस

पत्र:

ताई, मी ३२ वर्षांची आहे. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी परिचारिका म्हणून काम करते. बरीच वर्षं मी आणि माझी मैत्रीण एकत्र राहतो. मैत्रीण हे लोकांना सांगायला. आम्ही एकमेकींना जोडीदार मानतो. ती शिवणकाम करते, बचत गटाचे हिशेब लिहिते. इथं दोन खोल्यांचं घर आहे. ते माझ्या नावावर आहे, पण निम्मे पैसे तिचे. गावाकडे सहा एकर कोरडवाहू वावर आहे. वडील २०१९ मध्ये गेले, तेव्हा सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तीन नावं चढली. आता भाऊ पीककर्जाचं कारण काढून हक्कसोडपत्र मागतो. म्हणतो, "तुले लगन नाही कराचं तं वावर कायले पाह्यजे?" नाही म्हटलं तर पोलिसात देतो, दोघींना आत टाकतो, नाहीतर तुला एका महाराजाकडे नेतो, असं बोलतो. समाजाच्या बैठकीतही आमचा विषय निघाला. गुजरातेत मैत्रीकरार करून लग्न लागतं असं एकीनं सांगितलं. आपल्या महाराष्ट्रात आमच्यासारख्यांसाठी काही कायदा आहे का? मला काही झालं तर तिला या घरात राहता येईल का? रेशनकार्ड एकत्र करता येतं म्हणतात, ते खरं का? तिला लाडकी बहीणचे पैसे मिळतात. आणि आईला सांगू का?

उत्तर:

अगं, आधी सहीचं बघू. बाकीचे प्रश्न महिना-दोन महिने थांबले तरी काही बिघडत नाही, पण सही एकदा गेली की ती परत मिळवायला दिवाणी कोर्टात चपला झिजवाव्या लागतात.

सामाईक सातबाऱ्यावर पीककर्ज काढायचं तर बँक किंवा सोसायटी बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र मागते. अमुक गटावर भाऊ कर्ज काढतो आहे, आमची हरकत नाही, एवढाच त्याचा मजकूर. हक्कसोडपत्र ही वेगळीच गोष्ट आहे. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. तिथं तुझा फोटो निघेल, अंगठा घेतील, आणि दस्तात लिहिलेलं असेल की या मिळकतीतला माझा हक्क, हिस्सा मी राजीखुशीनं कायमचा सोडला. कर्ज दिवाळीनंतर कापूस विकून फिटेल, हक्क परत येणार नाही. तेव्हा संमतीपत्र दे आणि हक्कसोड देऊ नकोस. भावाला खरोखर कर्जच हवं असेल तर त्याचं काम तेवढ्यात भागेल. नाही भागलं, तर त्याला काय हवं आहे ते तुझ्या लक्षात येईल.

कोणत्याही कागदाचा मथळा स्वतः वाचल्याशिवाय पेन उघडू नकोस. निबंधकाकडे न जाताही घोळ होतो. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारापुढे संमतीनं वाटणी होते, आणि 'वाटणीचा अर्ज आहे' म्हणून घेतलेल्या सहीत बहिणीच्या वाट्याला काहीच न ठेवल्याची उदाहरणं प्रत्येक तालुक्यात सापडतात. कोऱ्या मुद्रांकावर तर आईनं सांगितलं तरी सही करायची नाही. मोबाईलवर महसूल खात्याची 'आपली चावडी' उघडून आपल्या गावाचं नाव टाकलं की नोंदीसाठी आलेले फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतले बदल, दिसतात. आठवड्यातून एकदा बघत जा. आपल्या गटाचा फेरफार दिसला तर मुदतीच्या आत लेखी हरकत दे, आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याची, म्हणजे आपल्या तलाठ्याची, पोच घे.

लग्न न करणाऱ्या मुलीला वावर कशाला, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्र विधिमंडळानं १९९४ मध्येच देऊन ठेवलं आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क, हा बदल आपल्या राज्यानं देशाच्या अकरा वर्षं आधी केला. ज्या मुलींचं लग्न तेव्हा झालेलं नव्हतं त्यांना तो लागू झाला. केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला, आणि वडील हयात असोत-नसोत, मुलीचा हक्क टिकतो हे सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात पक्कं केलं. हे वावर वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल, तरीही आई, भाऊ आणि तू असे तिघं पहिल्या वर्गाचे वारस. कायद्याला हिंदू वारसा कायदा म्हणतात, पण तो बौद्ध, जैन, शीख घरांनाही लागू आहे. तू लग्न कुणाशी करतेस, करतेस की नाही, घरात कुणासोबत राहतेस, यातलं काहीही त्यात विचारलेलं नाही.

भावाबद्दल एक बोलते, राग मानू नकोस. सहा एकर कोरडवाहूत कपाशी-तूर घेऊन वर सोसायटीचं कर्ज फेडणारा माणूस घाबरलेला असतो. बहिणीनं हिस्सा मागितला तर दोन एकर जातील ही भीती त्याच्या धमक्यांमागे असू शकते. त्याला सांगून बघ: वावर तूच वाह, मला मक्ता नको, कर्जाला लागेल तेव्हा संमती देईन, पण नाव राहील. पुष्कळ भावांना एवढं पुरतं. तुझ्या भावाला पुरेल की नाही, ते तू जास्त जाणतेस.

आता तुझा मोठा प्रश्न. दोन बायकांचं लग्न नोंदवणारा कायदा महाराष्ट्रात नाही, गुजरातेत नाही, देशात कुठेच नाही. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सांगितलं की हे काम संसदेचं आणि विधिमंडळांचं आहे. फेरविचाराच्या याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. लग्न आणि वारसा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. म्हणजे मनात आणलं तर राज्यही कायदा करू शकतं, पण महाराष्ट्रानं तसा केलेला नाही. उत्तराखंडनं जानेवारी २०२५ पासून समान नागरी संहिता लागू केली आणि लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली, तीसुद्धा फक्त बाई आणि पुरुष अशा जोडप्यांना. तुमच्यासारख्यांना तिथं लग्नही नाही आणि नोंदणीचा जाचही नाही. यात हसावं की रडावं, तू ठरव.

मैत्रीकरार म्हणजे मुद्रांकावर लिहून नोटरीपुढे सह्या केलेला करार. खर्च कुणी किती करायचा, घरात कुणाचे किती पैसे, हे लिहून ठेवायला तो बरा, पुराव्याला उपयोगी पडतो. त्यानं तुम्ही कायद्याच्या नजरेत जोडपं होत नाही. कोर्टाच्या आवारात पाचदहा हजारांत 'कोर्ट मॅरेज' लावून देतो म्हणणारे दलाल बसलेले असतात, त्यांच्या नादी लागू नका. समारंभ करायला मात्र कुणाची बंदी नाही. यवतमाळातच २०१७ च्या अखेरीस तिथल्या एका तरुणानं आपल्या जोडीदाराशी हॉटेलात लग्न लावलं होतं, तेही समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम जिवंत असताना. नागपुरात डिसेंबर २०२१ मध्ये दोन डॉक्टर मुलींनी अंगठ्या बदलल्या, पाहुणे जेवले. आनंद खरा होता. कागदावर त्याची किंमत शून्य होती, एवढं लक्षात ठेवून करा.

पण लग्न नाही म्हणजे काहीच नाही, असं समजू नकोस. दिल्लीकडे बघून आपण उसासे टाकतो आणि तहसील, ठाणं, दुय्यम निबंधक, रेशन दुकान यांच्याकडे बघायचं राहून जातं. जमीन, पोलीस, आरोग्य, मुद्रांक शुल्काचे दर हे सगळे राज्याचे विषय. तुझं रोजचं जगणं तिथंच अडतं आणि तिथंच सुटतं.

समाजाच्या बैठकीचं घे. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे. असा स्वतंत्र कायदा करताना आपण देशात पुढे होतो. जातपंचायतीच्या जाचाला वैतागलेल्या लोकांमुळे तो आला, पण त्यात भेदभावाची जी कारणं दिली आहेत त्यात नैतिकता, राजकीय कल यांच्यासोबत लैंगिकताही आहे. ही ओळ फार कमी जणांनी वाचलेली आहे, वकिलांनीसुद्धा. उद्या समाजानं ठराव केला की या घरी कुणी जायचं नाही, यांच्या मयतीला-लग्नाला बोलवायचं नाही, पिठाच्या गिरणीवर यांचं दळण घ्यायचं नाही, तर तो ठराव करणारे, त्याला मत देणारे, तो अमलात आणायला लावणारे, सगळे त्या कायद्याच्या कचाट्यात येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत. तक्रार पोलिसात करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही करता येते. बैठकीत फक्त विषय निघाला असं तू लिहिलंस. एवढ्यावरून गुन्हा झाला असं म्हणता येणार नाही. पण समाजातल्या एखाद्या शहाण्या माणसाच्या कानावर हा कायदा जाऊ दे. पुढची बैठक बहुधा सोयाबीनच्या भावावर होईल.

महाराजाकडे नेण्याची गोष्ट. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही महाराष्ट्राचाच. भूत उतरवतो म्हणून दोरीनं, साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. तुझ्या संमतीशिवाय कोंडून ठेवलं तर तो आणखी वेगळा गुन्हा. आणि महाराजाऐवजी डॉक्टर गाठला तर? मानसिक आरोग्य कायदा, २०१७ सांगतो की समाजाच्या रूढ नीतिमूल्यांत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मन वळवण्याचे असले 'उपचार' हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे. तू रुग्णालयातच काम करतेस, ही गोष्ट चार सहकाऱ्यांना सांगायला हरकत नाही.

आता पोलीस. दोघींना आत टाकण्यासाठी भावाकडे कलमच नाही. ३७७ च्या कक्षेतून सज्ञान माणसांचं खासगी नातं सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी बाहेर काढलं, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत ते कलम उरलेलंच नाही. पळवून नेल्याची तक्रार? तू ३२ वर्षांची आहेस. फार तर हरवल्याची तक्रार देतील, पोलीस शोध घेतील, तुझा जबाब नोंदवतील. मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीनं राहते, असं तू सांगितलं की तुला उचलून माहेरी पोचवण्याचा अधिकार ठाण्याला नाही. तरी ठाणेदार माणूस असतो, गावच्या पाटलाशी त्याची ऊठबस असते, म्हणून आधीच अर्ज देऊन ठेवावा. साधा कागद चालतो. वर पोलीस अधीक्षक, खाली प्रत ठाणेदाराला. मजकूर चार ओळींचा:

"आम्ही दोघी सज्ञान असून स्वखुशीने वरील पत्त्यावर राहतो. आमच्यावर कोणाचाही दबाव नाही. माझ्या भावाकडून खोटी तक्रार, मारहाण किंवा जबरदस्तीने घेऊन जाण्याची भीती आहे. तशी तक्रार आल्यास आमचा जबाब घेतल्याशिवाय कारवाई करू नये व आम्हास संरक्षण द्यावे."

सोबत दोघींच्या आधारकार्डाची प्रत जोड. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. नात्याचं नाव अर्जात लिहायची गरज नाही, 'एकत्र राहतो' एवढं पुरे.

तरीही कुणी कोंडलं, तर नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका करता येते, आणि ती तुझी जोडीदार करू शकते. अशा प्रकरणांत कोर्टांनी कसं वागावं याची मार्गदर्शक तत्त्वं सुप्रीम कोर्टानं ११ मार्च २०२४ रोजी घालून दिली आहेत. मुलीशी न्यायाधीशांनी एकांतात बोलावं, आईवडिलांच्या दबावापासून तिला दूर ठेवावं, तिचं मन वळवण्यासाठी समुपदेशनाला पाठवू नये, आणि संरक्षण मागितलं तर नातं सिद्ध करा म्हणत न बसता आधी संरक्षण द्यावं. तुझ्या वकिलाला देवू नायर विरुद्ध केरळ राज्य हे नाव सांग. आणि वकील फुकट मिळतो. स्त्रीचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील हा तिचा हक्क आहे. १५१०० वर फोन लावायचा किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा. भावानं हात उचलला तर कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा बहिणीलाही लागतो, तो फक्त सासुरवाशिणींचा नाही. रात्री-अपरात्री ११२, नाहीतर महिलांसाठी १८१. बोलायला आपल्यासारखं कुणी हवं असेल तर नागपुरात सारथी ट्रस्ट या समुदायासाठी काम करते.

घराचा प्रश्न तू मध्येच, एका ओळीत विचारलास. मी मात्र त्याच्यावरच सगळ्यात जास्त बोलणार आहे.

आज तुला काही झालं, तर तुझं घर तुझ्या आईचं होतं, आणि आईनंतर भावाचं. मूलबाळ नसलेल्या, लग्न न झालेल्या हिंदू स्त्रीचा वारसाक्रम असाच चालतो. वडिलांकडून आलेलं वावर तर वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे पुन्हा तिकडेच. तुझ्या जोडीदाराचं नाव या रांगेत शेवटच्या जागेवरही नाही. तेराव्यापर्यंत कुणी काही बोलणार नाही, चौदाव्या दिवशी तिच्या शिलाई मशीनसकट सामान अंगणात येईल. तिनं दिलेले निम्मे पैसे कुठल्याच कागदावर नाहीत, असं तुझ्या पत्रावरून दिसतं.

यावर उपाय इच्छापत्र, आणि तो या महिन्यात करायचा. इच्छापत्राला मुद्रांक शुल्क नाही. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण तू नोंदव, कारण तुझ्या इच्छापत्रावर वाद होणार हे आत्ताच दिसतं आहे. दोन साक्षीदार बाहेरचे घे, तुझ्याहून वयानं लहान असलेले बरे, म्हणजे पुढे कोर्टात उभे राहायला असतील. जोडीदाराला साक्षीदार करू नकोस. रुग्णालयातल्या डॉक्टरचा तुझी प्रकृती आणि समज ठीक असल्याचा दाखला जोड. आत लिही की घराचे निम्मे पैसे तिनं दिले, कुठल्या महिन्यात, कुठल्या खात्यातून. आणि आईसाठी काहीतरी ठेव. खात्यातली रक्कम म्हण, सोनं म्हण, तुला परवडेल ते. जवळच्या वारसाला पूर्ण वगळलेलं इच्छापत्र कोर्ट डोळ्यांत तेल घालून तपासतं. का वगळलं हे एका ओळीत लिहिलं आणि आईची सोय केली तर संशयाला जागा कमी राहते. शिवाय ती तुझी आई आहे.

इच्छापत्र तुझ्या मागे लागू होतं. तिचं नाव आजच घरावर हवं असेल तर बक्षीसपत्र करावं लागेल, आणि इथं राज्याच्या कायद्याचा काटा टोचतो. राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलाला, मुलीला बक्षीस दिलं तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात शुल्क २०० रुपये. तुझ्या जोडीदाराला दिलं तर ती कायद्याच्या लेखी परकी, म्हणून खरेदीखताच्या दरानं, बाजारमूल्यावर टक्केवारी. म्हणजे घर तेच, देणारी तीच, आणि भुर्दंड हजारोंचा. लग्नाचा हक्क म्हणजे नेमकं काय हे कुणाला समजावून सांगायचं झालं तर मी भाषण न करता हा शुल्कातला फरक दाखवते. पैसे जुळत असतील तर निम्म्या हिश्श्याचं बक्षीसपत्र कर, नाहीतर इच्छापत्रावर भागव.

वावराचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडे विदर्भाचा १९५८ चा कूळ व शेतजमीन कायदा चालतो. त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता, बक्षीस देता येत नाही. इच्छापत्रानं तरी देता येईल का? गुजरातमध्ये लागू असलेल्या अशाच कलमाबाबत सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं की आडवाटेनं इच्छापत्र करूनही देता येणार नाही. म्हणून तुझा वावराचा हिस्सा तिला लिहून देण्याआधी ती स्वतः सातबाऱ्यावर असणं महत्त्वाचं. तिच्या माहेरी शेत असेल तर तिचा मुलगी म्हणून हिस्सा तिथंही आहे. तिचं नाव तिकडच्या वारस नोंदीत चढलं की ती शेतकरी. थोडक्यात, हक्कसोडीवर सही करू नकोस हा सल्ला मी तुला दिला, तोच तिलाही लागू आहे.

बँकेचं काम सोपं झालं आहे. समलिंगी जोडीदारासोबत संयुक्त खातं उघडायला किंवा तिला नामनिर्देशित (नॉमिनी) करायला कुठलीही आडकाठी नाही, असं केंद्रीय वित्त खात्यानं २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं, रिझर्व्ह बँकेनंही त्याच महिन्यात बँकांना कळवलं. पासबुक घेऊन जा, नामनिर्देशनाचा अर्ज भर, नात्याच्या रकान्यात 'मैत्रीण' लिहिलं तरी चालतं. विम्यात मात्र नामनिर्देशित बाई पैसे घेते ते वारसांच्या वतीनं, कारण पूर्ण मालकीचं नामनिर्देशन फक्त आईवडील, नवरा-बायको, मुलं यांना मिळतं. म्हणून पॉलिसीचा नंबर इच्छापत्रात घाल.

रुग्णालयात तर तूच रोज बघतेस, पेशंट बेशुद्ध असला की 'नातेवाईक कोण?' ही हाक पहिली. त्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ते मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सोपं केलं. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, आणि माझ्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा त्याचं नाव. ते मुख्यतः बरं होण्याची आशा संपलेल्या अवस्थेसाठी आहे, पण तिचं नाव त्यात असलं की एरवीही डॉक्टरला दाखवायला कागद राहतो. मानसिक आजारासाठी वेगळा प्रतिनिधी नेमण्याची सोय २०१७ च्या कायद्यात आहे, आणि तो रक्ताचाच हवा असं नाही. जवळचे नातेवाईक पुढे आले नाहीत तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात द्यावा, असंही केंद्रीय आरोग्य खात्यानं २०२४ मध्ये राज्यांना कळवलं. नातेवाईक आले तर ते पत्र उपयोगाचं नाही, हे तू ओळखलं असशीलच.

रेशनकार्ड. होय, अशा जोडीदारांना एकाच घरातलं समजावं असं केंद्रानं २०२४ मध्ये राज्यांना लिहिलं आहे. हक्क आहे, पण तुम्ही तो वापरू नका असं माझं मत. तुझा पगार तिच्या कार्डात धरला गेला की उत्पन्न लाखाच्या वर जाईल आणि केशरी कार्डाचं पांढरं होईल. गहू-तांदूळ जाईल. लाडकी बहीण योजनेत कुटुंबातली एकच अविवाहित स्त्री बसते आणि अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. पडताळणीला रेशनकार्डच बघतात. तिचे महिन्याचे १,५०० रुपये घालवून मिळणार काय, तर कार्डावर शेजारी शेजारी दोन नावं. ज्यांना ते मोलाचं वाटतं त्यांनी जरूर करावं. शिलाईवर घर चालवणाऱ्या बाईनं आधी हिशेब बघावा.

आईला सांगायचं का, हे मी ठरवू शकत नाही. कधी, एवढं सांगते. संमतीपत्राचं काम आटोपल्यावर, इच्छापत्र नोंदवल्यावर, अधीक्षकांच्या अर्जाची पोच घरात आल्यावर. आज सांगितलंस तर आई भावाच्या घरात, भावाच्या भाकरीवर आहे. तिला कळलेलं त्याच्यापर्यंत जाणारच, आणि मग हक्कसोडीच्या मागणीला 'घराण्याची अब्रू' ही नवी जोड मिळेल. सांगशील तेव्हा आईला तुझ्या घरी बोलावून सांग, तिकडे जाऊन नको.

दोन गोष्टी कळव. वडिलांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफाराचा उतारा काढून हे वावर आजोबांकडून आलं होतं की वडिलांनी घेतलं होतं ते लिही. आणि तुझ्या जोडीदाराच्या माहेरी शेत आहे का, असेल तर सातबारा सध्या कुणाच्या नावावर आहे. त्यावरून वावराच्या इच्छापत्राचं पुढचं सांगते.